कुंडीतलं बिऱ्हाड

पोरांनो, सीताबर्डीच्या किल्ल्याखालून तुम्ही येता-जाता. ज्या टेकडीवर तो किल्ला उभा आहे, तिचा खडक एकेकाळी वाहत होता हे ठाऊक आहे का? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा वर येऊन सगळीकडे पसरला. एक थर आला, निवला, दगड झाला. मग हजारो वर्षं काही घडलं नाही. त्या सवडीत पाऊस पडला, खळग्यांत तळी साचली, काठाला झाडं उगवली, पाण्यात गोगलगायी नांदू लागल्या. पुन्हा लाव्हा आला आणि ते सगळं त्याच्याखाली गाडलं गेलं. असं कितीतरी वेळा झालं.

हे कळलं कसं? १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले. शाळा चालवता चालवता ते हातोडी घेऊन टेकड्या-नाले पालथे घालत. टाकळीला आणि सीताबर्डीला, लाव्हाच्या दोन थरांच्या मधे त्यांना गोगलगायींचे शंख सापडले, दगड झालेली फळं, बिया आणि लाकडं सापडली. आपलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

तो काळा दगड म्हणजे बेसाल्ट. खडक आगीनं दिला, पण त्याची माती केली ती पाण्यानं, हवेनं आणि जिवांनी. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि दगड खात राहतं. शिवाय दगडावर दगडफूल उगवतं. तुमच्या आजीच्या काळ्या मसाल्यात पडतं ना, त्याचीच ही भावंडं. एक बुरशी आणि एक शेवाळ, दोघं मिळून दगडफुलाचा संसार करतात. त्यांच्या अंगातून आम्ल पाझरतं, त्यानं दगडाचा कण कण सुटतो. एवढ्या खटाटोपातून जी माती आली, ती आपली विदर्भाची काळी माती. कापूस, तूर, ज्वारी, सगळं तिच्यावर.

ही गोष्ट आज काढायचं कारण म्हणजे आपल्या गच्चीवरच्या कुंड्या. शेतात सोनं पिकवणारी ही माती कुंडीत भरली की झाड का सुकतं, हे तुम्ही मला विचारलं होतं. खरं तर हा प्रश्न अर्ध्या नागपूरचा आहे.

काळ्या मातीत एक चिकणं खनिज असतं, माँटमोरिलोनाइट. वहीची पानं एकमेकांवर ठेवावीत तसे त्याचे पातळ पदर असतात, आणि त्या पदरांच्या मधे पाणी शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, गेलं की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्या आहेत. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात खालची माती फुगून वर रेटते, आणि वर्षानुवर्षं वरची माती खाली, खालची वर होत राहते. अशी माती स्वतःलाच नांगरते. अमरावती रोडवर, १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय आहे. देशभरातल्या मातीची जात, खोली, पोत तिथे तपासून नकाशे बनतात. मातीचा एवढा अभ्यास आपल्याच गावात चालतो, याचा मला फार अभिमान आहे.

पण शेताला खोली असते, कुंडीला नसते. कुंडीतली काळी माती वाळली की आक्रसून काठापासून सुटते. मग तुम्ही वरून तांब्याभर पाणी घालता, ते त्या फटीतून सरळ खाली जाऊन भोकातून बाहेर पडतं. तुम्हाला वाटतं झाड पाणी प्यालं. मधला गोळा मात्र कोरडाच. आणि पावसाळ्यात उलटं होतं. माती फुगून गच्च बसते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि मुळं गुदमरतात.

मुळांना श्वास लागतो, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. चांगल्या मातीचा निम्मा भाग पोकळी असतो. त्या पोकळीत थोडं पाणी, थोडी हवा. उरलेल्या निम्म्यात बहुतेक खनिज, आणि शेकडा पाचाच्या आसपास कुजलेला पाला, शेण, मेलेले जीव. पोकळी गेली की सगळं गेलं. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना विचारा. भारी जमिनीत झाडाच्या बुंध्याशी पाणी साचलं की फायटोफ्थोरा नावाचा रोगजंतू पाण्यातून पोहत मुळांपाशी येतो, साल कुजते आणि डिंक गळू लागतो. त्याला डिंक्या म्हणतात. म्हणूनच बुंध्याभोवती दुहेरी आळं करून पाणी खोडापासून दूर ठेवायला सांगतात. दोन-तीन एकरांच्या बागेला जे लागू, तेच आपल्या बादलीएवढ्या कुंडीला.

मग हवा आणायची कुठून? परदेशातले लोक कुंडीच्या मिश्रणात पीट नावाचं दलदलीतलं शेवाळ आणि पर्लाइट नावाचा फुलवलेला दगड घालतात. पीट तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. आपल्याला त्याची गरजच नाही. विदर्भाच्या पूर्वेला भंडारा-गोंदियाच्या राईस मिलांबाहेर तुसाचे डोंगर पडलेले असतात. भाताच्या तुसात सिलिका भरपूर, म्हणून ते लवकर कुजत नाही आणि वर्षभर मातीत पोकळी धरून ठेवतं. कमी हवेत जाळून त्याचा कोळसा केला तर आणखी चांगलं. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी राहतं आणि जिवाणू बिऱ्हाड करतात. नारळाच्या सालीचा भुसा ओल धरतो, मात्र त्यात मीठ असतं, म्हणून दोन-तीनदा पाण्यात भिजवून धुवून घ्यायचा. तेही नसेल तर विटांचा चुरा आणि मुरूम.

इथे एक समजूत मोडायला हवी. कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिला की पाणी छान निचरतं, असं घरोघरी सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून ओथंबली की मगच थेंब खाली सुटतो. म्हणजे खडी घातली तर चिखलाचा थर तेवढाच वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापरी ठेवा, पुरे.

घर झालं. आता रहिवासी.

सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये १०० कोटींपर्यंत जिवाणू असू शकतात. पहिल्या पावसाचा वास येतो ना? तो पावसाचा नव्हेच. मातीत स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू असतात, ते जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात. त्याचा अगदी पुसट अंशही माणसाच्या नाकाला कळतो. जिवाणूंनी हा वास काय तुमच्या-माझ्यासाठी केला? २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी याचं एक उत्तर शोधलं. मातीत तिळाहून लहान, सहा पायांचे, शेपटीखालच्या चिमट्यानं टुणकन उडी मारणारे जीव असतात. त्यांना या वासाची ओढ असते. ते येतात, जिवाणू खातात, आणि अंगाला चिकटलेले बीजाणू घेऊन दुसरीकडे जातात. वास हे आमंत्रण आहे, बाप्पा! आणि हेच स्ट्रेप्टोमायसीस कुळ माणसालाही पावलं. १९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी यांच्यातूनच स्ट्रेप्टोमायसिन काढलं, क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी औषध. टीबीनं माणसं सर्रास मरत, त्या काळात मातीतून औषध निघालं.

दुसरा रहिवासी बुरशी. मुळाच्या आत शिरून राहते, पण रोग करत नाही. १८८५ मध्ये जर्मनीच्या फ्रँक यांनी या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं. झाड पानांत साखर बनवतं, तिच्यातला बऱ्यापैकी वाटा या बुरशीला देतं. बुरशी केसाहून बारीक धागे मातीत दूरवर पसरवते आणि फॉस्फरस आणून देते. फॉस्फरस मातीत जागचा हलत नाही, आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत तर तो चुन्याला जखडून बसतो, म्हणून ही मदत मोलाची. ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही ही बुरशी दिसते. म्हणजे जमिनीवर पाय रोवताना झाडांनी हिला बरोबर घेतलं होतं. कोबी, मुळा, मोहरी या कुळाची मात्र हिच्याशी सोयरीक जुळत नाही. त्यांच्या कुंडीत बुरशीचं पाकीट विकत आणून घालणं वाया.

तिसरा रायझोबियम नावाचा जिवाणू. कुंडीत वालाचा वेल किंवा चवळी लावा, दोन महिन्यांनी एक रोप हळूच उपटा. मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग असेल तर समजा कारखाना चालू आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड तिथे असतं. हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देण्याचं काम त्या गाठीत चालतं. म्हणून आपले शेतकरी ज्वारीत तूर पेरत आले.

आणि गांडूळ. चार्ल्स डार्विन एवढा मोठा माणूस, पण १८३७ मध्ये तरुणपणी गांडुळांवर पहिला निबंध वाचला आणि १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, शेवटचं पुस्तक लिहिलं तेही गांडुळांवरच. मधली चाळीसेक वर्षं त्यांनी हा विषय मनातून जाऊ दिला नाही. अभ्यासिकेत मातीनं भरलेल्या कुंड्यांत ते गांडुळं पाळत. त्यांच्याजवळ शिट्टी वाजवली, मुलाकडून बासून नावाचं मोठं पिपाणीसारखं वाद्य वाजवून घेतलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. त्यांना ऐकूच येत नाही. मग त्या कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि सूर वाजवला, तर गांडुळं झटकन बिळात शिरली, कारण कंप त्यांना जाणवला. डार्विननी हिशोब मांडला की इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते. त्यांच्या पोटातून गेलेली माती कणीदार होते. कण्यांच्या मधे पोकळी, पोकळीत हवा. कुंडीत जे काम आपण तुसानं करतो, ते शेतात गांडूळ फुकट करतं.

या सगळ्यांना खायला लागतं. ते कुठून येणार? इंदूरला १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ कापसावर काम करत होते. त्यांच्या पुढ्यात पऱ्हाटीचे ढीग. शेतकरी ती चुलीत घालत. कडक पऱ्हाटी कुजेना, तर त्यांनी ती रस्त्यावर पसरली; बैलगाड्यांच्या चाकांखाली तिचा भुगा झाला, मग पाला आणि शेण यांबरोबर तिचे थर रचले. त्यातून इंदूर पद्धतीचं कंपोस्ट आलं. १९३१ मध्ये त्यावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी यशवंत वाड हे नाव आहे. जगभर सेंद्रिय शेतीवाले हॉवर्ड यांचं नाव घेतात. वाडांचंही घ्यायला हवं.

आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदला नारायण देवताव पांढरीपांडे होते. नावाची आद्याक्षरं जोडून लोक त्यांना नाडेपकाका म्हणत. शेण कमी आणि काडीकचरा जास्त, ही शेतकऱ्याची अडचण त्यांनी ओळखली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, आणि भिंतींना भोकं, हवा आत जावी म्हणून. त्यात साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, पण शेण अवघं ९० ते १०० किलो, आणि चाळलेली माती जवळपास १७५० किलो. थर भिजवून वरून लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. शेणाच्या एका लहानशा ढिगातून केवढं खत होतं बघा. शेण इथे मुख्य खाद्य नसून विरजण आहे, खरं खाद्य पाला.

ढिगाच्या आत काय घडतं तेही ऐका. आधी साखर खाणारे जिवाणू तुटून पडतात. ते एवढ्या वेगानं खातात की ढीग तापतो, ५५-६० अंशांपर्यंत जातो, हात घालवत नाही. त्या उष्णतेत तणांची बियाणं आणि बरेच रोगजंतू मरतात. मग ढीग निवतो, पांढरट पावडरीसारखे धागे दिसू लागतात, तो आपला पावसाच्या वासाचा दोस्त. तो चिवट भाग खातो. सगळ्यांत शेवटी गांडूळ येतं. घाई करून त्याला आधीच सोडलं तर ते भाजून मरेल.

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांचं जीवामृत तुम्ही ऐकलं असेल. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ढवळत ठेवायचं. एवढं एका एकराला. आपल्याला बादलीभर पुरे. माझं मत विचाराल तर जीवामृत रहिवाशांची संख्या वाढवतं, त्यांचं पोट भरत नाही. त्यात खताचं बळ थोडं असतं. ज्या मातीत पाला-शेण काहीच नाही, तिथे नुसतं जीवामृत ओतून झाड उभं राहणार नाही. पाळेकरसुद्धा आच्छादनावर तेवढाच जोर देतात. आणि नळाचं पाणी वापरणार असाल तर रात्रभर उघडं ठेवा. पेंच धरणाचं पाणी आपल्याला क्लोरीन घालून मिळतं. जे क्लोरीन पाण्यातले जंतू मारतं ते जीवामृतातल्या जिवाणूंना सोडेल कसं?

आता प्रत्यक्ष मिश्रण. तीन टोपली वाळवून फोडलेली काळी माती, तीन टोपली पूर्ण मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन टोपली तूस आणि तुसाचा कोळसा, दोन टोपली धुतलेला नारळभुसा. वर निंबोळी पेंड दर टोपलीला एक मूठ, आणि सरकीची ढेप त्याच्या निम्मी. ताजं शेण नको. त्यात हुमणी होते. परदेशी कृतींत चुना घालायला सांगतात, कारण त्यांचं पीट आंबट असतं. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी आहे, चुना पडला तर लोह जखडून पानं पिवळी पडतात. हाडांचा चुराही अशा मातीत फार सावकाश विरघळतो, त्यावर पैसे घालवू नका.

मिश्रण ओलसर करा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोटानं ढकलला तर फुटावा. आणि मग महिनाभर थांबा. सावलीत, गोणपाट झाकून. पेंड आणि ढेप कुजताना ऊब आणि अमोनिया सुटतो, त्यात लावलेलं रोप जळतं. त्या महिन्यात एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट झालं की मुळांना घेता येतं. निंबोळी पेंड यातली पहिली पायरी मुद्दाम सावकाश करते, म्हणजे अन्न एकदम वाहून न जाता पुरतं. युरियाला निंबोळी तेल लावतात ते याचसाठी. पण म्हणूनच पेंड मुठीनं घालायची, टोपलीनं नाही. माती कालवताना हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. धनुर्वाताचे जंतूही मातीतच राहतात.

नागपूरचा उन्हाळा मात्र या बिऱ्हाडाचा खरा वैरी. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, आणि गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची कुंडी त्याहूनही तापते. ३५ अंशांच्या वर गांडुळं तग धरत नाहीत. म्हणून जाड मातीची कुंडी घ्या. तिच्या अंगातून पाणी पाझरून वाफ होते आणि आतली माती थंड राहते. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, वर हिरवी जाळी बांधा, आणि मातीवर चार बोटं वाळल्या पाल्याचा थर पसरा. उघडी माती वैशाखात मरते, हे मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगेन. चैत्रात मिश्रण करून झाकून ठेवलं तर मृगाच्या पावसापर्यंत ते लावायला तयार होतं.

हंगाम संपला की कुंडीतली माती फेकायची नाही. झाड मुळाशी कापा, मुळं आतच राहू द्या. त्यांच्या कुजण्यातून पुढच्या मुळांना वाटा मिळतात. तीन भाग जुन्या मातीत एक भाग नवं खत कालवा आणि पुन्हा मुरू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ही माती नव्या मातीपेक्षा सरस चालते, कारण रहिवासी आधीच स्थिरावलेले असतात.

पाला विकत घ्यावा लागत नाही. फाल्गुनात पिंपळ, कडुनिंब, करंज यांची पानं नागपूरच्या गल्लीगल्लीत पडतात आणि लोक त्यांचे ढीग करून पेटवून देतात. त्यात वर्षभराचं खत धुरात जातं आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना खोकला लागतो. या फाल्गुनात तुमच्या गल्लीत कोणी पानांच्या ढिगाला काडी लावताना दिसलं, तर त्याला थांबवा, एक पोतं घेऊन जा आणि ती पानं घरी आणा.